शब्द पोहोचतो, सूर मागे राहतो

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आमच्या परिचयाची दोन मराठी कुटुंबे राहतात. तीस वर्षांचा घरोबा. मुलांच्या बारशापासून लग्नापर्यंत एका घरच्या कार्यात दुसऱ्या घरची माणसे पदर खोचून उभी. ह्या दोन घरांतील येणे-जाणे एका ओळीमुळे बंद पडले. ती ओळ अशी : "ह्या वर्षी तरी माइक चालेल ना?"

घडले ते असे. तिथल्या मंडळाचा गणेशोत्सव दरवर्षी एका शाळेच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात होतो. ह्या दोन मित्रांपैकी एक जण बावीस वर्षे तिथली ध्वनिव्यवस्था सांभाळीत आले. त्यांना आपण माइकवाले म्हणू. दुसरे स्वभावाने थट्टेखोर. आरती सुरू होताना माइकने शिट्टी घातली, की हे मागून ओरडत, "झाली, तिसरी शिट्टी झाली, कुकर उतरवा!" सभागृह हसे, माइकवाले सर्वांच्या आधी हसत, आणि नंतर प्रसादाचे ताट घेऊन दोघे एकाच टेबलाशी बसत. ही थट्टा वर्षानुवर्षे चालली. तिच्यावाचून उत्सव पुरा झाल्यासारखा वाटत नसे.

मग मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. माणसे झाली एकशे ऐंशी. उत्सवाच्या तयारीची चर्चा चालू असताना एका रात्री ह्या मित्राने वरील ओळ लिहिली. दहा मिनिटांत तिच्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. नव्याने आलेल्या एका तरुण सभासदाने लिहिले, "खरंच, गेल्या वर्षी मागे बसलेल्यांना आरती ऐकूच आली नाही." आणखी कोणी सुचवले, की पैसे देऊन बाहेरचा माणूस आणावा. रात्री साडेअकरा वाजता माइकवाल्यांचे लांबलचक उत्तर आले. बावीस वर्षांत आपण किती वेळ आणि किती पैसा घातला, त्याचा तो हिशेब होता. "थट्टासुद्धा कळत नसेल तर बोलणेच खुंटले," असे मित्राने उलट लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर एक बारीक करडी ओळ उमटली : अमुक ह्यांनी ग्रुप सोडला.

दोघेही गृहस्थ भांडखोर नाहीत, हे आम्ही खात्रीने सांगतो. वाक्य तेच होते, माणसे तीच होती. सभागृहात ज्या शब्दांनी हसू येई, त्याच शब्दांनी पडद्यावर मैत्री तुटली. असे का व्हावे? वाचकांपैकी अनेकांच्या मंडळात, भावंडांत किंवा सोसायटीत असे काही घडले असेल, म्हणून ह्या प्रश्नाचा थोडा विचार करावा असे आम्हांला वाटले. मानसशास्त्रज्ञ तर ह्याचा विचार चाळीस वर्षे करीत आले आहेत, आणि त्यातला बराचसा ह्याच देशात झाला आहे.

मायन्यात काय होते

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आपल्या लोकांना उघडली, त्यानंतरच्या वर्षांत जे इथे आले त्यांना निळे एरोग्राम आठवत असतील. (अमेरिकेच्या टपाल खात्याने ते २००६ मध्ये बंद केले.) कागद लहान, लिहायचे पुष्कळ. शेवटी घडीवर आणि कडेच्या मोकळ्या जागेतही अक्षरे दाटीने बसवावी लागत. तरीही त्या टीचभर जागेतली पहिली ओळ मायन्याला दिलेली असे. वडिलांना तीर्थरूप आणि साष्टांग नमस्कार, धाकट्या भावाला चिरंजीव आणि अनेक उत्तम आशीर्वाद, स्नेह्याला सप्रेम नमस्कार. शेवटी मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद आणि लोभ असावा ही विनंती.

हे सारे पाठ केलेले शब्द, असे तेव्हा आम्हांलाही वाटे. त्या शब्दांचे काम आता ध्यानात येते. समोरासमोर आपण बोलतो तेव्हा कोण मोठा, कोण लहान, कोण रागात, कोण गमतीत, हे डोळे, आवाज आणि बसण्याची तऱ्हा सांगतात. पत्रात ह्यातले काहीच नसे, आणि मायना त्याची जागा भरून काढी. वडिलांना नमस्कार लिहून झाल्यावर पुढच्या ओळीत त्यांच्यावर ताडकन तुटून पडणे कठीण असे. हात आपोआप सावरे. शिवाय पत्र लिहिणे, ते टपालात टाकणे आणि उत्तर येणे ह्यांत आठवडे जात. राग आला तरी तो टिकून राहण्याइतकी टपालाची गाडी वेगवान नव्हती.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमाने भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले आणि हळूहळू इथल्या-तिथल्या घरांत ई-मेल आली. वेळ वाचला, पैसा वाचला, आणि मायनाही गेला. पुढे फोनवरचे निरोप आले तेव्हा नावसुद्धा लिहिण्याचे कारण उरले नाही.

पिट्सबर्गचे तीन प्रयोग

पिट्सबर्ग म्हटले की आपल्या लोकांना १९७६ साली उभे राहिलेले तिथले व्यंकटेश्वराचे देऊळ आठवते. त्याच गावच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरून होणाऱ्या बोलण्याचा अभ्यास फार लवकर सुरू झाला. सारा कीस्लर, जेन सीगल आणि टिमथी मॅग्वायर ह्या संशोधकांनी ह्या विषयावर आपला पहिला मोठा लेख १९८४ मध्ये प्रसिद्ध केला आणि सविस्तर निष्कर्ष १९८६ मध्ये मांडले. त्यांनी विद्यार्थ्यांचे तिघातिघांचे गट केले. प्रत्येक गटाला एखादा पेचाचा प्रश्न दिला आणि एकमताने निर्णय करण्यास सांगितले. काही गट एका टेबलाभोवती बसले, काही गटांनी संगणकावर लिहून चर्चा केली.

संगणकावर चर्चा करणाऱ्यांना एकमत होण्यास जास्त वेळ लागला. बोलण्यातला वाटा मात्र तिघांत अधिक समान पडला. टेबलाशी जो गप्प बसला असता, तोही संगणकावर मोकळेपणाने लिहू लागला. ह्याची दुसरी बाजू अशी, की टोचून बोलणे, शिव्या आणि अपमान ह्यांचे प्रमाणही संगणकावरच वाढले. शिवाय गटाचा अंतिम निर्णय सुरुवातीच्या मतांपासून अधिक दूर, अधिक टोकाला गेला. कीस्लरबाई आणि त्यांच्या सहकारी ली स्प्राउल ह्यांनी काढलेले कारण आपल्या मायन्याच्या विचाराशी जुळणारे आहे. समोरच्या माणसाची जाणीव करून देणाऱ्या खुणा गळून पडल्या, की धाकही गळतो आणि भीडही. मुके बोलू लागतात, आणि सभ्य माणसे कधी कधी असभ्य होतात. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात.

ह्याच विद्यापीठात १९८२ साली दुसरी एक घटना घडली. तिथले संगणकवाले आपसात एका सामाईक फळ्यावर मजकूर लिहीत. कोसळत्या लिफ्टमध्ये पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल, अशी काल्पनिक कोडी चालली होती. तेवढ्यात एकाने गमतीने सूचना लावली, की एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींना ती खरी वाटली. तेव्हा थट्टेवर खूण करावी असा विचार निघाला आणि १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फॅल्मन ह्या प्राध्यापकांनी एक खूण सुचवली. विसर्गासारखे दोन ठिपके, एक आडवी रेघ आणि एक कंस. मान तिरपी करून पाहिले की हसरा चेहरा दिसतो. आज आपल्या फोनवर जे शेकडो पिवळे चेहरे आहेत, त्यांचे हे मूळपुरुष. मोठमोठ्या विद्वानांनाही सोबत काम करून एकमेकांची थट्टा ओळखता येईना, आणि त्यांना कंस वापरून चेहरा काढावा लागला, ह्यातच सर्व आले.

तिसरा प्रयोग घरांचा. ह्याच विद्यापीठाच्या रॉबर्ट क्राउट ह्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९५-९६ च्या सुमारास पिट्सबर्गमधील ९३ कुटुंबांना संगणक आणि इंटरनेट पुरवले आणि त्यांतील १६९ माणसांवर वर्ष-दोन वर्षे लक्ष ठेवले. १९९८ मध्ये निष्कर्ष आले ते खिन्न करणारे होते. जे इंटरनेट जास्त वापरत, त्यांचे घरच्यांशी बोलणे थोडे कमी झाले होते, गोतावळा थोडा आटला होता, एकाकीपणा थोडा वाढला होता. वर्तमानपत्रांनी ह्यावर पुष्कळ लिहिले. ह्याच संशोधकांनी मग त्याच कुटुंबांचा पुन्हा मागोवा घेतला. २००२ च्या लेखात त्यांनी सांगितले, की ते दुष्परिणाम पुढे बहुतेक ओसरले. एका नव्या पाहणीत मात्र एक वेगळीच गोष्ट दिसली. जे मुळात माणसांत रमणारे आणि ज्यांच्याभोवती आधार देणारी माणसे होती, त्यांना इंटरनेटचा फायदा झाला. जे आधीच एकलकोंडे आणि निराधार होते, त्यांना तो झाला नाही. ज्याच्या घरी आहे, त्याच्याच घरी आणखी भर पडते, असा हा न्याय आहे.

मनातले गाणे

आता आपल्या माइकच्या वाक्याकडे वळू. लिहिणाऱ्याला ते गमतीचे का वाटले, आणि वाचणाऱ्याला बोचरे का?

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन ह्यांनी एक साधा प्रयोग केला होता. एकाने ओळखीचे गाणे मनात म्हणायचे आणि त्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा. दुसऱ्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना वाटले, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. घरी चहा पिताना हा खेळ करून पाहावा. एखाद्या नेहमीच्या आरतीचा ठेका वाजवा. तुमच्या मनात झांजा, टाळ्या, सारे सूर वाजत असतात. समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. आणि इतके सोपे गाणे ह्याला कळू नये, म्हणून आपल्यालाच त्याचा राग येतो!

२००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच ई-मेलच्या बाबतीत तपासले. काही वाक्ये मनापासून आणि काही उपरोधाने, अशी दुसऱ्याला पाठवायची. समोरच्याने त्यातला भाव ओळखायचा. पाठवणाऱ्यांना खात्री होती, की शंभरातली सुमारे ७८ वाक्ये बरोबर ओळखली जातील, मग ती आवाजातून जावोत की ई-मेलने. आवाजातून सांगितलेली सुमारे ७३ ओळखली गेली. ई-मेलने गेलेली जेमतेम ५६. नाणे उडवून सांगितले असते तरी ५० बरोबर आली असती! म्हणजे लिहिलेल्या उपरोधाचे जवळजवळ नाणेच उडवलेले असते, आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसते. वाक्य लिहिताना तो स्वतःच्या आवाजात ते ऐकत असतो. आपल्या थट्टेखोर मित्राच्या कानात कुकरची शिट्टी वाजत होती. माइकवाल्यांच्या हाती आली ती टकटक.

आमच्या भाषेत ह्याची एक खास अडचण आहे, ती इंग्रजांना नाही. मराठीत सारा सूर 'हं', 'ना', 'बरं का', 'गं', 'रे' अशा छोट्या शब्दांत असतो. "ये" म्हणजे आज्ञा. "ये हं" म्हणजे आग्रह. "ये ना" म्हणजे लाडीगोडी. घाईने टाइप करताना आधी हेच शब्द गळतात. त्यात मराठी रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय. "का" आणि "क" ह्यांत तिथे फरक नाही, आणि विचारणे कुठे संपून दटावणे कुठे सुरू झाले, ते वाचणाऱ्याने ठरवायचे. अनोळखी माणसाशी बोलताना तू, तुम्ही की आपण, हेही आधी ठरवावे लागते, आणि क्रियापद लिहायचे तर बाई की पुरुष हेही कळावे लागते. इंग्रजीत एका 'यू'ने सर्वांचे भागते. मंडळाच्या ग्रुपवर पंचविशीतली मुलगी सत्तरीच्या आजोबांना नकळत 'तू' लिहून जाते, कारण इथे वाढलेल्या तिच्या मनात तो 'यू' असतो. आजोबांच्या मनात मात्र त्याचा 'अरे-तुरे' होतो.

पडद्यामागचे नाव

न्यू जर्सीच्या लॉरेन्सव्हिल येथील रायडर विद्यापीठात जॉन सूलर नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. संगणकापुढे माणसाचा संकोच का सुटतो, ह्यावरचा त्यांचा २००४ चा लेख पुष्कळ वाचला गेला. आपले नाव समोरच्याला ठाऊक नाही, आपण त्याला दिसत नाही, उत्तर लगेच ऐकावे लागत नाही, समोरच्याचा आवाज आपणच मनात कल्पितो, हे सारे खेळासारखे वाटते आणि मोठ्या-लहानाचा धाक उरत नाही, अशी सहा कारणे त्यांनी दिली. संकोच सुटण्याचे त्यांनी दोन प्रकार मानले. एक हितकर : माणूस मनातले दुःख बोलतो, अनोळखी माणसाला मदत करतो. दुसरा विषारी : माणूस गरळ ओकतो.

टोपणनावाचे नाव काढले की आपण लगेच नाक मुरडतो, पण मराठी वाङ्मयाचा निम्मा संसार टोपणनावांवर चालला आहे. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' ह्या नावाने पत्रे लिहून आपल्याच समाजाचे कान पिळले. 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' वर्षानुवर्षे साहित्यिकांच्या टोप्या उडवीत असे. तो ठणठणपाळ म्हणजे जयवंत दळवी. टोपणनावाने माणसाला धीर येतो तो असा. फरक एवढाच, की संपादकाला खरे नाव ठाऊक असे, लेखकाला आपल्या टोपणनावाची अब्रू सांभाळायची असे, आणि छापण्यापूर्वी मजकूर दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जाई. १९९६ साली अमेरिकेतून 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले. तिथेही लोक टोपणनावानेच लिहू लागले, आणि कित्येकांनी त्या नावाची वर्षानुवर्षे निगा राखली. नाव खोटे असले तरी ते जपण्यासारखे असले, की माणूस जबाबदारीने लिहितो.

मग कटुता येते कोठून? इस्राएलमधील हैफा विद्यापीठाच्या नोआम लापिडोट-लेफ्लर आणि अझी बाराक ह्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. दोन अनोळखी माणसांना एका प्रश्नावर संगणकावरून वाद घालायला लावले. कधी नाव झाकले, कधी चेहरा झाकला, कधी डोळ्यांना डोळे भिडतील अशी कॅमेऱ्याची व्यवस्था केली. कटू भाषेचे सर्वांत मोठे कारण नाव लपणे हे ठरले नाही. डोळ्यांना डोळे न भिडणे हे ठरले. आमच्या मंडळाच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचे नाव, गाव आणि फोटो सर्वांना ठाऊक होते. तरीही शब्द लागला, कारण तो लागताना चेहरा कसा पडला, ते कोणी पाहिले नाही.

उत्तर न येण्याचा अर्थ

पूर्वी पुण्याहून तीन आठवडे पत्र आले नाही, तर आपण टपाल खात्याला बोल लावीत असू. आता तीन तास उत्तर आले नाही, की आपण माणसाला बोल लावतो. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन निळ्या खुणा दाखवायला सुरुवात केली आणि त्यात भर पडली. निरोप वाचला हे कळते. का थांबला ते कळत नाही.

व्हर्जिनियातील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या कॅथरिन क्रॅम्टन ह्यांनी २००१ मध्ये दूरदूरच्या गावांतील विद्यार्थ्यांच्या गटांचा अभ्यास मांडला. हे गट संगणकावरूनच मिळून काम करीत होते. एखाद्याकडून उत्तर आले नाही, की बाकीचे त्याला आळशी किंवा बेफिकीर समजत. त्याच्या गावी काय अडचण आहे, सुट्टी आहे की संगणक बंद आहे, हे इतरांना दिसत नसे. जे दिसत नाही ते आपण धरत नाही, आणि दोष परिस्थितीला न देता स्वभावाला देतो. न्यूयॉर्क आणि पुणे ह्यांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर, हिवाळ्यात साडेदहा. इथे रात्री साडेदहाला दमून बसलेला मुलगा, तिथे सकाळी आठला ताजी उठून बसलेली आई. "जेवलास का?" ह्या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर तिला वाटते मुलगा बदलला. तो फक्त झोपलेला असतो.

एकाची ओळ, अनेकांचा जमाव

घराघरांतील रुसवेफुगवे एवढ्यावरच हे थांबते असे कोणी समजू नये. १ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या भागात फोनांवरून फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले. जमावाने त्यांना पकडले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. त्या पाच जणांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचाहून अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यास बंदी केली आणि जानेवारी २०१९ मध्ये तीच मर्यादा जगभर लागू केली.

ज्या हातांनी तो निरोप पुढे ढकलला, त्यांतील बहुतेकांना कोणाला मारायचे नव्हते. "असू द्यावे सावध" एवढाच त्यांचा हेतू असेल. इथे बसून गावाकडच्या ग्रुपवर निरोप ढकलणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विसरू नये. पाठवताना हाती फक्त एक बोट हलते. पोहोचल्यावर काय हलेल ते आपल्याला दिसत नाही.

करावे काय

फोन फेकून द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. थंडीच्या दिवसांत मोटार न चालवता येणाऱ्या, मुला-सुनांच्या घरी दिवसभर एकट्या असलेल्या आजींना विचारा. फोनवर नातवंडांचे चेहरे आणि सांगलीच्या बहिणीचा आवाज नसता, तर त्यांचा दिवस कसा गेला असता? प्रश्न साधन कोणत्या कामाला वापरावे, हा आहे.

निरोप सांगायला लेखी मजकूर उत्तम. वेळ, पत्ता, पोळ्या किती लागतील, गाडी कुठे लावायची. कौतुकही लेखी आणि चारचौघांत करावे. तक्रार, कानउघाडणी आणि थट्टा मात्र आवाजातून करावी. आमच्या पाहण्यातल्या एका मंडळाने असा नियमच केला आहे, की ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला आधी फोन करायचा. तिथल्या कार्यवाहांनी आम्हांला हसून सांगितले, "निम्म्या तक्रारी फोन लावण्याच्या आळसाने मिटतात, आणि उरलेल्या फोनवर मिटतात."

फोन लावायला आपण कचरतो, कारण तो अवघडल्यासारखा होईल अशी भीती वाटते. टेक्सस विद्यापीठाचे अमित कुमार आणि शिकागो विद्यापीठाचे एप्ली ह्यांनी २०२१ च्या लेखात हीच भीती तपासली. जुन्या, संपर्क तुटलेल्या मित्राशी काहींना ई-मेलने आणि काहींना फोनवर बोलायला लावले. फोन अवघड जाईल असे लोकांना आधी वाटत होते. प्रत्यक्षात तो ई-मेलपेक्षा अवघड गेला नाही, आणि आवाज ऐकल्यावर जवळीक मात्र अधिक वाटली.

आमच्या दोन कुटुंबांच्या बाबतीतही तेच झाले. चार महिने अबोला राहिला. शेवटी थट्टेखोर मित्राच्या पत्नीने, कोणालाही न विचारता, माइकवाल्यांच्या घरी फोन लावला. पाच मिनिटे दोन्ही बाजूंनी हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग पलीकडून वहिनींनी जे सांगितले, ते मंडळात कोणालाही ठाऊक नव्हते. ज्या वर्षी आरती ऐकू आली नाही, त्या दिवशी सकाळीच त्यांच्या गाठीच्या तपासणीचा अहवाल हाती आला होता. माइकवाले रुग्णालयातून थेट सभागृहात आले आणि तारा जोडायला बसले. "कार्य बुडू नये म्हणून आलो," एवढेच ते घरी म्हणाले होते. नंतरचे उपचार दोघांनी कोणालाही न सांगता पार पाडले आणि वहिनी आता बऱ्या आहेत. पुढच्या वर्षी ती थट्टेची ओळ आली, तेव्हा माइकवाल्यांना त्यात माइक दिसला नाही. तो दिवस दिसला.

त्याच संध्याकाळी मित्र गाडी काढून त्यांच्या घरी गेले. तिथे काय बोलणे झाले ते आम्हांला ठाऊक नाही, आणि विचारण्याचे कारणही नाही. ते रात्री जेवूनच परतले, एवढे कळले.

ह्या वर्षीच्या गणेशोत्सवाला आम्ही मुद्दाम गेलो होतो. आरती सुरू झाली आणि माइकने सवयीप्रमाणे शिट्टी घातली. सभागृह क्षणभर गप्प झाले. सर्वांना गेल्या वर्षीचा ग्रुप आठवला असावा. थट्टेखोर मित्रही मान खाली घालून उभे. तेव्हा स्वतः माइकवाल्यांनी माइक तोंडाशी धरला आणि म्हणाले, "तिसरी शिट्टी झाली. कोणीतरी कुकर उतरवा हो!"